जुने घर विकत घेताना



ज्या दांपत्यांचा संसार एव्हाना स्थिरस्थावर झाला आहे, मुले आपापल्या मार्गाला लागली आहेत आणि भविष्यनिर्वाह निधीचा आकडा ज्यांना आयुष्यात प्रथमच काहीसा आश्वासक वाटू लागला आहे, अशांच्या मनात वैशाखाच्या सुमारास कोकणातले एखादे जुने कौलारू घर विकत घेण्याचा विचार हटकून येतो. उमेदीची बरीच वर्षे मी जमिनीच्या दप्तरांत घालविली असल्यामुळे अशी जोडपी माझ्याकडे सल्ल्यासाठी येतात. ती येतात तेव्हा त्यांचा निश्चय बहुधा झालेलाच असतो, आणि सल्ला म्हणून त्यांना माझ्याकडून संमती तेवढी हवी असते. आजचे भाषण अशाच एका जोडप्याविषयी आहे. पतिराज बँकेत अधिकारी, पत्नी डोंबिवलीच्या एका शाळेत शिक्षिका, आणि घर राजापूर तालुक्यातले.

घर त्यांनी मे महिन्यात पाहिले. जांभ्या चिऱ्यांचा चौथरा, पुढे प्रशस्त ओटी, ओटीवर झोपाळ्याच्या कड्या, आत काळोखे परंतु थंडगार माजघर, मागे पडवी व न्हाणी, परसात दोन फणस आणि एक रायवळ आंबा, असे ते घर होते. बँकेतील हिशेबात आयुष्य घालविलेल्या त्या गृहस्थांची हिशेबबुद्धी ओटीवर पाऊल ठेवताक्षणीच मावळली. कारण बालपणीच्या सुट्ट्या त्यांनी अशाच एका ओटीवर काढल्या होत्या. पत्नी मात्र सरळ मागच्या दाराने विहिरीकडे गेली, परत येऊन तिने न्हाणीचे दार उघडून पाहिले आणि शांतपणे विचारले, "अहो, तुम्ही घर घेताय की मे महिना?"

या एका प्रश्नात माझ्या साऱ्या सल्ल्याचे सार आले असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते. कोकणातले घर शहरवासी माणूस मे महिन्यात पाहतो, मे महिन्यात पसंत करतो, आणि विसार देऊन परततो. परंतु ते घर उभे असते ते वर्षाला तीन हजार मिलीमीटरहून अधिक, तोही मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळणाऱ्या पावसाशी झुंजण्यासाठी. कौलांचा उतार, ओटीपुढची पागोळी, भिंतींना झड लागू नये म्हणून पावसाळ्यापूर्वी बांधावयाची झापे, ही सारी रचना त्या चार महिन्यांसाठी असते. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला ज्यांचा कारखाना काढला, ती मंगलोरी कौले नळीच्या कौलांहून टिकाऊ खरी. तरीही दरवर्षी मृगापूर्वी कोणीतरी छपरावर चढून फुटलेली कौले बदलावी लागतात, आणि माकडांनी एका दुपारी सरकविलेले एकच कौल आषाढभर तसेच राहिले तर त्याखालचा वासा दोन-तीन पावसाळ्यांत कुजतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आले तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांत ज्यांची छपरे उडाली, त्यांतील कित्येक घरमालक मुंबईत होते आणि टाळेबंदीमुळे त्यांना घराकडे जाताही येत नव्हते. पाऊस त्यांच्यासाठी थांबणार नव्हता, तो तर तेव्हा सुरू व्हावयाचा होता.

म्हणून मी त्या दांपत्यास प्रथम एवढेच सांगितले, की हे घर पुन्हा एकदा आषाढात पाहा, आणि जाताना गावातला सुतार बरोबर न्या. त्यांनी तसे केले. सुताराने शिडी लावून प्रत्येक वाशावर वाकसाचा दांडा आपटला, आवाज ऐकला, आणि निकाल दिला तो असा: "वहिनी, वासे मधे धड आहेत, पण भिंतीत गेलेली टोकं संपली आहेत." जुन्या घरांत हे नेहमीचेच. लाकडाचा जो भाग भिंतीत दडलेला असतो तेथेच ओल मुरते, तेथेच वाळवी लागते, आणि बाहेरून पाहणाऱ्यास फणसाचा तो तुळतुळीत वासा आणखी शंभर वर्षे टिकेलसा वाटतो. भिंतींची परीक्षाही अशीच करावी लागते. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवेत कठीण होत जातो, त्यामुळे चिरा सहसा दगा देत नाही. परंतु चिऱ्यांमधल्या दरजा चुन्याने भरल्या आहेत की नुसत्या मातीने, हे गिलाव्याखाली दिसत नाही. मातीत बांधलेल्या भिंतीवर उत्साही नव्या मालकाने सिमेंटचा गिलावा चढविला, की आत मुरलेल्या ओलीला बाहेर पडण्याची वाट उरत नाही आणि दुरुस्तीनेच घराचे आयुष्य कमी होते. अशी दुरुस्त केलेली घरे मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांच्या दारावर संगमरवरी पाटीही असते.

आता दप्तराकडे वळतो. घाटावर गावठाण एके ठिकाणी असते. कोकणात घरे वाडीवाडीने विखुरलेली, आणि पुष्कळदा शेतजमिनीच्या सर्व्हे नंबरातच उभी असतात. तेव्हा ज्याला आपण घर म्हणतो ते सातबाराच्या दृष्टीने शेत असू शकते, आणि १९४८ च्या कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाच्या ६३ व्या कलमानुसार जो स्वतः शेतकरी नाही त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन खरेदी करता येत नाही. विकणारा पुढे करतो ती घरपट्टीची पावती. ती कर भरल्याचा पुरावा आहे, मालकीचा नव्हे. सातबाराच्या इतर हक्कांच्या रकान्यात एखाद्या कुळाचे नाव पडून असते, आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनापासून त्या नावाचे काय झाले, हे फेरफार नोंदी मागे मागे वाचीत गेल्यावाचून कळत नाही. घराकडे येणारी पाखाडी कोणाच्या नंबरातून जाते, विहिरीत कोणाचा किती आण्यांचा हिस्सा आहे, याही गोष्टी बिनतक्रार वहिवाटीने चाललेल्या असतात आणि नवा माणूस येताच त्यांची आठवण सर्वांना एकदम होते.

सर्वांत अवघड प्रकरण सहहिस्सेदारांचे. आजोबांच्या नावाचे घर, त्यांना चार मुलगे, दोन मुली. पुढची पिढी परळ, विरार, बडोदे अशी पांगलेली. आणि घराची किल्ली ज्याच्या हाती तो धाकटा पुतण्या मालकाच्या थाटात घर दाखवितो. मुलींनी "आम्हाला काही नको" असे तोंडी सांगितले आहे, हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचा शिक्का करून ठेवावा असे कधी कधी वाटे. परंतु १९९४ ची राज्यातील आणि २००५ ची केंद्राची दुरुस्ती यांनंतर वडिलोपार्जित मिळकतीतील मुलींचा हक्क मुलग्यांच्या बरोबरीचा आहे, आणि तो सोडावयाचा तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते. एका हिस्सेदाराकडून त्याचा हिस्सा तेवढा घ्यावा आणि बाकीचे मागाहून पाहावे, ही युक्ती तर सर्वांत घातक. कारण १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या ४४ व्या कलमाप्रमाणे अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरात असा हिस्सा घेणाऱ्या त्रयस्थाला सामाईक कबजा मागता येत नाही. त्याला वाटपाचा दावा लावावा लागतो, आणि त्या दाव्यात कुटुंबीयांना त्याचाच हिस्सा विकत मागण्याची मुभा १८९३ च्या कायद्याने दिलेली आहे. पैसे देऊन माणूस घराचा मालक होण्याऐवजी कोर्टाचा वारकरी होतो.

हे सारे ऐकून पतिराज हिरमुसले, परंतु खरी अडचण पुढेच होती, आणि ती माझ्या दप्तरात नव्हती. त्यांच्या नावे वडिलार्जित शेतीचा अल्पसा तुकडा होता, म्हणून ते शेतकरी. पत्नीच्या नावे कोठेही सातबारा नव्हता. किमतीतील निम्मी रक्कम तिची, आणि खरेदीखत मात्र त्यांच्या एकट्याच्या नावे व्हावयाचे. त्यांना ही कायद्याची तांत्रिक बाब वाटली. तिला तसे वाटले नाही, आणि तिच्या बाजूने मला बोलावे लागले. मृत्युपत्र करून ठेवतो, असे त्यांनी सुचविले. मृत्युपत्र केव्हाही बदलता येते, हे मी त्यांच्यादेखत सांगितले, तेव्हा खोलीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. शेवटी ठरले ते असे की विकणाऱ्यांनी घराखालची जागा आधी बिनशेती करून द्यावी, तेवढ्याचे खरेदीखत दोघांच्या नावे व्हावे, आणि भोवतालची बाग तेवढी पतीच्या नावे राहावी. यास वेळ लागतो, खर्चही होतो. तो करावा असेच माझे मत आहे.

दुसरा वाद पाहुण्यांचा. गावातले घर एकदा झाले की ते मे महिन्यात आणि गणपतीत साऱ्या गोतावळ्याचे होते. पुरुषमंडळी ओटीवर गप्पांत रंगतात आणि घरच्या बाईची पहाट चुलीपाशी उगवते. बाईंनी हे आपल्या सासूच्या बाबतीत पाहिले होते. त्यांची अट साधी होती: पाहुणे येतील तेव्हा स्वयंपाकाला माणूस ठेवायचा, आणि वर्षातले निदान काही आठवडे त्या घरात फक्त दोघांनी राहायचे, तेही पावसाळ्यात. आजारपणाचा विचारही त्यांनीच केला. अवघड शस्त्रक्रियेसाठी त्या भागातली माणसे अणुस्कुरा घाट चढून कोल्हापूर गाठतात, आणि पावसाळ्यात दरड कोसळली की ती वाट काही काळ बंद होते. यावर पतिराजांजवळ उत्तर नव्हते. माझ्याजवळही नाही.

आणि इतके सर्व असूनही घर घ्यावे, असा आग्रह शेवटी बाईंनीच धरला! कारण विचारता त्या म्हणाल्या, आषाढातल्या त्या भेटीत शेजारच्या काकूंनी त्यांना पहिला प्रश्न केला तो किमतीचा नव्हता. शिमग्याला पालखी येईल तेव्हा दार उघडे असेल ना, असे त्यांनी विचारले होते. ते घर मिटल्यापासून पालखी त्या अंगणात थांबली नव्हती. डोंबिवलीत चोवीस वर्षे एका मजल्यावर राहून आपले दार उघडे असावे अशी अपेक्षा कोणी केली नाही, असे त्या म्हणाल्या, आणि पतिराज, ज्यांना इतके दिवस झोपाळ्याखेरीज काही सुचत नव्हते, ते हातातल्या फेरफार उताऱ्याची घडी घालीत राहिले.

बिनशेतीचा अर्ज आता दाखल झाला आहे. मध्यंतरी मृग जवळ आला तेव्हा या दोघांनी, अद्याप आपल्या नावे नसलेल्या त्या घराची कौले स्वतःच्या पैशाने चाळून घेतली आणि चार वाशांची टोके बदलली. व्यवहाराच्या दृष्टीने हे मला पसंत नव्हते व तसे मी स्पष्ट सांगितले, त्यावर बाई म्हणाल्या, "सह्या दिवाळीत झाल्या तरी चालतील, पाऊस काही थांबायचा नाही." निदान ती रक्कम किमतीतून वजा धरण्याचा मजकूर विसारपावतीत घालून घ्यावा, एवढे मी सुचविले. त्याप्रमाणे कागद तयार आहे; हिस्सेदारांपैकी पाच जणांनी सह्या केल्या असून बडोद्याच्या बहिणीची तेवढी यावयाची आहे.