जाळ्याचे सांधे

बीड जिल्ह्यांतील घाटनांदूर हें परळी-वैजनाथ आणि लातूर रोड यांच्या दरम्यानचें रेल्वेस्टेशन. तेथून निघालेली गाडी लातूर रोडला पोंचली म्हणजे तिच्यापुढें दोन वाटा असतात; एक उदगीर-बीदरकडे, दुसरी लातूर-कुर्डुवाडीकडे. गाडी कोणत्या रुळावर घालावयाची हें सांधा ठरवितो. महाविद्यालय, वसतिगृहें व रुग्णालय एकाच आवारांत असलेल्या संस्थेच्या संगणकजाळ्यांत हेंच काम स्विच नांवाचें यंत्र करतें.

१९८६ सालीं सुरू झालेल्या अर्नेट योजनेंत पवईची आय. आय. टी. सामील होती. त्या योजनेचे आरंभीचे दुवे सेकंदाला ९६०० बिटांचे. आज इमारतीइमारतींमधून १० गिगाबिटांची तार सर्रास घालतात, म्हणजे वेग दहा लाखपटींहून अधिक वाढला. मागणीहि तशीच वाढली आहे.

इमारतींतील लहान स्विचांकडून येणारे प्रवाह एकत्र करून मध्यवर्ती यंत्राकडे धाडणारा तो संकलक स्विच. त्याची निवड करतांना आधीं साधें अंकगणित करावें. बारा इमारती, प्रत्येकीच्या १० गिगाबिटांच्या दोन तारा. एकूण आवक २४० गिगाबिट. वर जाणाऱ्या १०० गिगाबिटांच्या दोन तारा घेतल्या तर वाट २०० ची. हें प्रमाण उत्तमच, कारण सर्व इमारती एकाच क्षणीं पूर्ण वेगानें बोलत नाहींत. जाहिरातींतील क्षमतेचा आंकडा मात्र जपून वाचावा. त्यांत जाण्याची व येण्याची वाट पुष्कळदां दोनदां मोजलेली असते. त्यापेक्षां ६४ बाइटांचीं लहानांत लहान पाकिटें यंत्र किती हांकतें तें विचारावें. १० गिगाबिटांच्या एका तारेवर तीं सेकंदाला सुमारें १ कोटी ४८ लक्ष होतात.

कुर्डुवाडीस पूर्वीं बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी लाईन रुंद लाईनीस मिळे. माल एका डब्यांतून उतरून दुसऱ्यांत चढेपर्यंत फलाटावर पडून राही. फलाट अपुरा पडला कीं खोळंबा ठरलेलाच. १०० गिगाबिटांच्या वाटेनें आलेला लोंढा १० च्या तारेंत शिरतांना स्विचाला असाच फलाट, म्हणजे स्मृतीचा सांठा लागतो. विक्रेते याविषयीं फारसें बोलत नाहींत.

यंत्र एकच घेणें ही खोटी काटकसर. तें बंद पडलें तर वसतिगृहाची करमणूक थांबेल, तें सोसतां येईल. पण क्ष-किरण विभागांतील चित्र शस्त्रक्रियागृहांत पोंचणार नाहीं. म्हणून जोडी घ्यावी, प्रत्येक इमारतीची एकेक तार एकेका यंत्रांत जावी, प्रत्येकास दोन वीजपुरवठे असावेत, आणि ते एकाच फलकावरून घेऊं नयेत.

जमिनींतील जुनी कांचतारहि तपासावी. ६२.५ मायक्रॉन गाभ्याच्या जुन्या तारेवर १० गिगाबिटांचा अल्प पल्ल्याचा प्रकाश जेमतेम ३३ मीटर जातो. एकपथी तारेवर दीर्घ पल्ल्याच्या मॉड्यूलनें तोच वेग १० किलोमीटरपर्यंत टिकतो. चर खणण्याचा खर्च मोठा, तेव्हां नवी तार घालणें असेल तर ती एकपथीच घालावी. यंत्रें आल्यावर, बिल चुकतें करण्यापूर्वीं, भर दुपारीं जोडींतील एकाची वीज तोडून पाहावी आणि त्या वेळीं रुग्णालयांतील पडद्यासमोर कोणी तरी बसलेलें असावें.