श्रद्धा दिसावी ती कामात
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



रोजच्या जगण्यात ख्रिस्ती श्रद्धा कशी दिसते यावर बोल, असे संयोजकांनी सांगितले तेव्हा मला संकोच वाटला. आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती एकाच बाकावर बसलो, एकमेकांचे डबे खाल्ले. कोण किती पाण्यात आहे हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे उपदेश करत नाही. घडले ते सांगतो.

डोंगरावरील प्रवचनात येशूने सांगितले आहे की दिवा मापाखाली झाकून ठेवू नका. त्याच प्रवचनात पुढे असेही आहे की दान करताना उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू देऊ नका. पवित्र शास्त्राच्या तासाला मी बाईंना विचारले होते, "मग दाखवायचे की लपवायचे?" बाई हसून म्हणाल्या, "मोठा झालास की कळेल." मला ते कळायला चाळिशी उजाडावी लागली.

आपल्या गणिताच्या सरांची एक गोष्ट आठवते. सहामाहीच्या पेपरात त्यांची बेरीज चुकली होती आणि एका मुलाला चार गुण कमी पडले होते. त्याने भीतभीत पेपर पुढे केला. सरांनी जुन्या आकड्यावर लाल रेघ मारली, शेजारी नवा आकडा लिहिला, सही केली आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "चूक माझी आहे, मला माफ कर." सर रोज प्रार्थना घेत, पण त्या प्रार्थनांतला एक शब्दही आज मला आठवत नाही. ती लाल रेघ मात्र आठवते.

पुढे मी कनिष्ठ अभियंता झालो. एका बंधाऱ्याचे काम माझ्याकडे होते. पाया पक्क्या खडकापर्यंत खोदायचा, मी स्वतः टेप लावून मोजायचे, मग मोजमाप पुस्तिकेत नोंद करून सही करायची, अशी पद्धत. त्या दिवशी मला उशीर झाला. ठेकेदाराच्या माणसाने सांगितलेले आकडे मी तसेच लिहिले आणि सही केली.

संध्याकाळी खोदाईवरचा एक वयस्कर मजूर खोलीवर आला. दारातच उभा राहून म्हणाला, "साहेब, तुम्ही दर रविवारी देवळात जाता, म्हणून सांगतो. डाव्या कडेला खडक लागलेला नाही. खाली मुरूमच आहे."

रात्रभर झोप आली नाही. गप्प राहिलो तर बंधारा पाझरणार, कदाचित वाहून जाणार. बोललो तर न मोजता सही केल्याचे आधी मलाच कबूल करावे लागणार. सकाळी मी पुन्हा मोजले. पुस्तिकेत खाडाखोड चालत नाही; चुकीच्या नोंदीवर रेघ मारून सही व तारीख घालावी लागते. ती रेघ मारताना सर आठवले. मला कारणे दाखवा नोटीस मिळाली, वेतनवाढ थांबली. पण पाया पुन्हा खोदला गेला.

इथे थांबलो तर गोष्ट माझ्या कौतुकाची होईल. पण त्या मजुराला मुकादमाने पुन्हा कामावर घेतले नाही. हे मला दोन महिन्यांनी कळले. माझ्या नोटिशीच्या काळजीत त्याची चौकशी करायचे मला सुचलेच नव्हते. शोधायला गेलो तर कुटुंब ऊसतोडीला गेलेले. तो मला पुन्हा भेटला नाही. माझी श्रद्धा त्याला दिसली होती; त्याची भाकरी मात्र मला दिसली नाही.

म्हणून मला पंडिता रमाबाई मोठ्या वाटतात. १८९६ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बायकांना आपल्याबरोबर घेऊन आल्या. केडगावला त्यांना अन्न दिले, आसरा दिला, अक्षरओळख दिली, हाताला काम दिले. साध्या बाईलाही वाचता यावे म्हणून मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणले. १९२२ साली त्या गेल्या, तोवर हे काम चालूच होते. एखाद्या खऱ्या गोष्टीपाशी थांबून त्यांनी समाधान मानले नाही. त्या माणसाचे पुढे काय, हेही पाहिले.

आता बाईंना उत्तर देता येईल असे वाटते. दिवा लावतात तो घरातल्यांना वाट दिसावी म्हणून. दिव्याकडे कौतुकाने पाहत बसावे म्हणून नव्हे. आपल्या उजेडात दुसऱ्याची अडचण दिसली तर दिवा कामाचा. नाव दिसावे म्हणून केलेले दान मात्र डाव्या हातापासूनही लपवलेलेच बरे.

निवृत्तीनंतर मंडळीची आणि गावची छोटी बांधकामे मी विनामोबदला तपासून देतो. कोणी मजूर काही सांगायला आला की आधी त्याला विचारतो, "यामुळे तुझं काम जाणार नाही ना?" आणि मगच टेप काढतो. हा प्रश्न त्या म्हाताऱ्या माणसाने मला शिकवला. तो विचारायला मला एकदा उशीर झाला. तुम्हाला होऊ नये, एवढेच मागणे.

प्रभू आपणा सर्वांचे कल्याण करो.