क्लास लावायचा की नाही?

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा संपादित मजकूर. वक्ते टाउनशिपमधील शाळेतून भौतिकशास्त्राचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले आहेत.)



दरवर्षी या मांडवात मी नाटकाच्या वेळी पडदा ओढायला असतो. यंदा पडद्यापुढे उभे केले आहे, तेव्हा सांभाळून घ्या. विषय मी निवडलेला नाही, तो तुम्हीच दिलात. दहावीचा निकाल लागला की संध्याकाळी आमच्या क्वार्टरची बेल वाजते. कुणी प्लान्टमधले सहकारी असतात, कुणी वहिनी असतात, बरोबर मान खाली घातलेला मुलगा किंवा मुलगी. चहा होतो आणि मग प्रश्न येतो, "सर, क्लास लावावा का? कोट्याला पाठवावे का?"

कोट्यापासूनच सुरुवात करतो. तिथली ही सारी परंपरा सुरू झाली ती व्ही. के. बन्सल नावाच्या एका इंजिनिअरपासून. जे. के. सिंथेटिक्समध्ये नोकरी, त्यात स्नायूंच्या असाध्य आजाराने शरीर थकत चाललेले. १९८०च्या दशकात त्यांनी घरी दोन-चार मुलांना शिकवायला घेतले. २०२१ साली ते गेले. म्हणजे आपल्यासारख्याच एका कारखान्याच्या गावात, डायनिंग टेबलावर हे सुरू झाले. पुढे कारखाना बंद पडला आणि क्लासेस हाच त्या गावाचा कारखाना झाला.

आता आकडे. २०२५ साली जेईई मेनला पावणेपंधरा लाखांच्या आसपास मुले बसली. ॲडव्हान्स्डचे दोन्ही पेपर १,८०,४२२ जणांनी दिले, ५४,३७८ पात्र ठरले आणि सगळ्या २३ आयआयटी मिळून जागा १८ हजारांच्या थोड्या वर. आपल्या भिलाईतच २०१६ पासून आयआयटी आहे, पण दारात आयआयटी आली म्हणून आपल्या पोरांना रांगेत पुढचा नंबर मिळत नाही. जागा ठरलेल्या आहेत. सगळ्या पंधरा लाखांनी क्लास लावला तरी एकही जागा वाढत नाही. आपल्या नाटकाला पुढच्या रांगेतला एक जण उभा राहिला की मागचे सगळे उभे राहतात. दिसते तेवढेच, पाय मात्र सगळ्यांचे दुखतात. पण म्हणून एकट्याने बसून राहावे का? बसले तर पाठच दिसते. प्रश्न असा अडचणीचा आहे, म्हणून "क्लास म्हणजे लूट" असे म्हणून मी टाळ्या घेणार नाही.

सिव्हिक सेंटरला जाताना मोठमोठे फलक दिसतात, रांगेने हसरे फोटो आणि खाली रँक. ते फोटो बहुधा खरेच असतात. पण क्लासवाले प्रवेशाच्या आधी स्कॉलरशिपची परीक्षा घेतात, त्यातली हुशार मुले वेगळ्या बॅचमध्ये काढतात आणि उत्तम शिक्षक त्या बॅचला देतात. चांगला गहू वेचून चक्कीत टाकायचा आणि पीठ पाहून चक्कीची तारीफ करायची, असा हा प्रकार. फलकावर पन्नास फोटो असतील, पण एकूण किती मुलांनी फी भरली होती? तो आकडा फलकावर नसतो. एकाच मुलाचा फोटो दोन क्लासेसच्या जाहिरातीत मी स्वतः पाहिला आहे. एका ठिकाणी तो दोन वर्षे शिकला, दुसरीकडे फक्त टेस्ट सिरीज दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नियम काढले, त्यानुसार त्या मुलाने नेमका कोणता कोर्स घेतला होता हे जाहिरातीत सांगणे आवश्यक आहे. पुढच्या वेळी फलकापाशी स्कूटर थांबवा आणि बारीक अक्षरे वाचा.

आता घरचे सांगतो. सौ. समोर बसली आहे, तिची परवानगी घेतली आहे.

२००९ साली आमच्या मुलाला मी बाहेरगावी एका नामांकित क्लासला पाठवले. पीएफमधून उचल घेतली आणि पूर्ण फी एकरकमी भरली. तो तयार नव्हता. मी म्हणालो, "अरे, सगळे जातात." मी स्वतः फिजिक्सचा शिक्षक, पण माझ्या शिकवण्यावर माझाच भरवसा नव्हता म्हणा ना! दर पंधरवड्याला परीक्षा व्हायची, मार्कांवरून बॅच बदलायची. तो दोनदा खालच्या बॅचमध्ये गेला. फोनवर "बरं आहे" एवढेच म्हणायचा. दिवाळीला आला तेव्हा वजन उतरलेले. फराळाचे ताट तसेच ठेवून म्हणाला, "बाबा, मला फिजिक्स आवडायचं." एवढेच. मी त्याला परत पाठवले नाही. फी परत मागितली, तर छापील पावतीच्या मागचा नियम दाखवला गेला. पैशाचे दुःख वर्षभरात ओसरले. मुलगा पुढे इथल्याच राज्यातल्या कॉलेजातून इंजिनिअर झाला, नोकरी करतो, छान आहे. फिजिक्सचे पुस्तक मात्र त्याने पुन्हा हातात घेतले नाही. २०२३ साली एकट्या कोट्यात वीसहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्या बातम्या वाचताना मला ते फराळाचे ताट आठवत असे.

आता दुसरी बाजू, नाहीतर तुम्ही म्हणाल सर रागातून बोलतात. शाळेतली माझी एक विद्यार्थिनी, वडील क्रेन ऑपरेटर. त्या वर्षी शाळेत केमिस्ट्रीची जागा रिकामी होती, अर्धे सत्र तास झालेच नाहीत. ती स्वतः वडिलांना म्हणाली की मला एवढ्या एका विषयाला क्लास हवा. गावातलाच, सायकलने जाण्याजोगा. बारावीत टेस्ट सिरीज घेतली, बाकी एनसीईआरटी, एच. सी. वर्मांचे दोन खंड आणि जुने पेपर. तिच्या बाबतीत तो पैसा सार्थकी लागला, कारण काय कमी आहे हे तिला ठाऊक होते.

येणाऱ्यांना मी म्हणूनच एक काम देतो. जुना पेपर घरी घड्याळ लावून सोडवायचा. मग चुकांचे तीन रकाने करायचे: मुळात येत नव्हते, येत होते पण चुकले, वेळ पुरला नाही. पहिला रकाना मोठा असेल तर शिकवणारा माणूस हवा, मग तो शाळेतला असो, क्लासचा असो किंवा समोरच्या क्वार्टरमधला. दुसरा आणि तिसरा मोठा असेल तर व्याख्याने ऐकून काही होत नाही. तिथे सराव हवा, आणि सरावाला टेस्ट सिरीज पुरते. ती क्लासच्या मानाने पुष्कळ स्वस्त पडते. आयआयटी कानपूरने २०२३ मध्ये सुरू केलेले 'साथी' तर मोफत आहे. नीटचे म्हणाल तर ७२० पैकी ३६० मार्क जीवशास्त्राचे, आणि त्याचा पाया एनसीईआरटीची पुस्तके. ती तीनदा न वाचता क्लास लावणे म्हणजे घरचे पाणी सोडून टँकर मागवणे.

सहावी-सातवीच्या 'फाउंडेशन'बद्दल मला विचारूच नका. त्या वयात मुलाने नदीवर जावे. जानेवारी २०२४च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत सोळा वर्षांखालच्या मुलांना क्लासमध्ये प्रवेश देऊ नये असे म्हटलेच आहे. मूल मध्येच सोडून गेले तर उरलेल्या मुदतीची फी दहा दिवसांत परत करावी, हेही त्यात आहे. माझ्या वेळी हे असते तर! पण सूचना कागदावर असते. तुम्ही फी भरण्यापूर्वी परतीची अट लेखी मागा, हप्ते मागा, आणि दीड लाख फी म्हटली की वर १८ टक्के जीएसटीचे २७ हजार धरा. माझ्या मुलाच्या बॅचला कोण शिकवणार, असे नाव घेऊन विचारा. गेल्या वर्षी त्याच बॅचमधल्या शेवटच्या दहा मुलांचे काय झाले तेही विचारा. पहिल्या दहांचे ते न विचारता सांगतात.

काही जण लातूरला मावशीकडे किंवा नागपूरला काकांकडे अकरावी-बारावीला पाठवायचे म्हणतात. घरचे जेवण मिळते, ही मोठी गोष्ट आहे. फक्त मेडिकलच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी रहिवासी दाखला आणि दहावी-बारावी कुठून झाली हे महाराष्ट्रात पाहतात. आपण मनाने मराठी असलो तरी दाखल्याने छत्तीसगडचे आहोत, तेव्हा दोन्ही राज्यांचे नियम आधी वाचा.

आणि पाठवायचेच ठरले, तर मुलाला निघण्यापूर्वी एक वाक्य सांगून ठेवा: नको वाटलं तर परत ये, फीचा विचार करू नकोस. मी ते २००९ साली सांगितले नव्हते.

आरतीची वेळ झाली आहे, कार्यकर्ते खुणा करत आहेत. ज्यांना विचारायचे असेल त्यांनी प्रसाद घेऊन मांडवाच्या मागे या. जुने पेपर सोबत आणले आहेत, मुलांनाही घेऊन या.