नव्या शहरात घोडेस्वार

ठाण्यात किंवा कल्याण-डोंबिवलीत बिऱ्हाड हलवताय आणि घोडेस्वारीही सुटायला नको? मग आधी लोकलचा मार्ग पाहा. १९४२ साली स्थापन झालेला अ‍ॅमॅच्युअर रायडर्स क्लब महालक्ष्मी रेसकोर्सवर आहे. दादरला गाडी बदलून पश्चिम रेल्वेच्या धीम्या लोकलनं महालक्ष्मीला उतरायचं. कल्याणपुढे, कर्जत मार्गावर, नेरळहून माथेरान गाठता येतं; पण तिथली रपेट पर्यटकांसाठी, रीतसर सराव वेगळा. स्वतःचा घोडा आणणार असाल, तर १९७८च्या प्राणी वाहतूक नियमांनुसार तो प्रवासाला योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला सोबत हवा. आणि कोकणपट्टीचा पावसाळा विसरू नका! दमट हवेत खोगिराच्या चामड्याला बुरशी लागते, ओल्या तबेल्यात खूर सडतात. खोगीर पुसून वाऱ्यावर ठेवा, खूर रोज साफ करा.