तबकडीवरचं बाईचं नाव

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



कामानिमित्त माझा बराच प्रवास होतो. बैठक संपली आणि परतीच्या गाडीला वेळ असला की मी त्या गावचा जुना बाजार गाठते. मुंबईला चोर बाजारातली मटन स्ट्रीट, पुण्याला जुना बाजार, कलकत्त्याला फ्री स्कूल स्ट्रीट. तिथे मी जुन्या तबकड्या शोधते. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, लाखेच्या, पडल्या की फुटणाऱ्या. त्यातही मला हव्या असतात बैठकीची लावणी, ठुमरी, दादरा गाणाऱ्या बायकांच्या. सिनेमाच्या गाण्यांना गिऱ्हाईक असतं, म्हणून त्या वर मांडलेल्या असतात. या बायका सापडतात तळाच्या गठ्ठ्यात, कव्हराशिवाय, धुळीत.

एका सहकारी मैत्रिणीने मला विचारलं, "या छंदाचा आपल्या चळवळीशी काय संबंध?" आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

आपल्या देशात ग्रामोफोन कंपनीने ध्वनिमुद्रण सुरू केलं ते नोव्हेंबर १९०२ मध्ये, कलकत्त्यात. सुरुवातीचे आवाज होते शशीमुखी आणि फणीबाला या नाटक कंपनीतल्या दोन कोवळ्या मुलींचे. त्याच महिन्यात गौहर जान गायल्या. गाणं संपलं की त्या इंग्रजीत स्वतःचं नाव सांगत. मुद्रण इथे व्हायचं, पण तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोवरला. तिथल्या कारागिराला कळावं की ही कोण, म्हणून नाव सांगायचं. कलकत्त्यात सियालदहचा कारखाना १९०८ मध्ये सुरू झाला. कारण तांत्रिक असेल, पण परिणाम पाहा. ज्या काळात घरंदाज बाईचं नाव चारचौघांत घेतलं जात नव्हतं, त्या काळात एक बाई स्वतःचं नाव ठणकावून सांगते आहे.

बायका पुढे का आल्या? गाणं हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा होता. अनेक उस्ताद या यंत्रापुढे गायला कचरत होते; या बायकांनी मात्र नवं काम ओळखलं आणि शिकून घेतलं. तासभर रंगणारी ठुमरी तीन मिनिटांत बसवायची. मायक्रोफोन आला तो १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात. तोवर भल्यामोठ्या कर्ण्यात तोंड घालून, आवाज नेमका फेकून गायचं. याला आपण कौशल्याचं काम म्हणणार की नाही? गिरणीतल्या बाईच्या श्रमांचा इतिहास आपण लिहितो. मग हिच्या श्रमांचा का नाही?

आता तबकडीच्या मधल्या कागदी लेबलाकडे या. गाणाऱ्या बाईच्या नावापुढे 'जान' किंवा 'बाई', आधी 'मिस', आणि मागे गाव: आग्र्याच्या जोहराबाई, अलाहाबादच्या जानकीबाई. वडिलांचं नाव नाही, नवऱ्याचं नाही, आडनावही नाही. याउलट चित्तरंजन दास यांच्या भगिनी अमला दास यांच्या रेकॉर्डवर छापलं होतं 'मिस दास' आणि पुढे 'अमॅच्युअर', म्हणजे हौशी. हा एक शब्द समाजाला बजावून सांगतो की ही बाई पैशासाठी गात नाही, ही 'त्यातली' नाही. बायकांची 'चांगल्या' आणि 'तसल्या' अशी जी विभागणी आपल्याला रोज कामात भेटते, ती इथे चार बोटं रुंदीच्या कागदावर छापलेली आहे.

आपल्याकडचं उदाहरण पुण्याच्या सुंदराबाई जाधवांचं. लावणी, ठुमरी, गझल सगळ्यांत तयार. १९१९ साली 'एकच प्याला' रंगभूमीवर आलं, तेव्हा त्यातल्या पदांना त्यांनी चाली दिल्या. ती पदं गाणारी सिंधू होते बालगंधर्व. पतिव्रतेची भूमिका पुरुषाची आणि तिच्या गळ्यातलं गाणं बैठकीत गाणाऱ्या बाईचं! बालगंधर्वांच्या शालूंचं वर्णन आपल्या आज्या करायच्या. सुंदराबाईंचं नाव किती घरांत घेतलं गेलं? १९३९ च्या 'माणूस' चित्रपटात त्यांनी नायकाच्या आईचं काम केलं, तेवढ्यापुरती त्यांची ओळख उरली.

स्वातंत्र्य आलं तसा दरवाजा आणखी अरुंद झाला. १९४६ मध्ये सरदार पटेलांकडे माहिती व नभोवाणी खातं असताना, जिचं खासगी आयुष्य लोकापवादाचा विषय आहे अशा गायिकेला आकाशवाणीवर बंदी घातली गेली. गाणं तेच, राग तोच. तपासलं जाऊ लागलं ते बाईचं घर. तिला जवळ करणाऱ्या पुरुषाचं घर कोणी तपासलं नाही.

म्हणून हा शोध मला महत्त्वाचा वाटतो. पण त्यात एक पेच आहे आणि तो तुमच्यापुढे ठेवल्याशिवाय मी पुढे जाणार नाही. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका गावी मला एका गायिकेची नात भेटली. आजीच्या तबकड्या घरच्यांनीच भंगारात काढल्या होत्या. ती म्हणाली, "आजीचं गाणं ऐका, पण आमचं आडनाव कुठे लिहू नका. मुलींची लग्नं व्हायचीत." आपण सन्मान म्हणून नाव घेणार, आणि त्याची किंमत ती भरणार. तिला 'लाज कसली?' असं विचारणं आपल्याला सोपं आहे. ज्या जातींतल्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या नाचगाण्याला जुंपलं, त्यांच्या मुलींवर त्या लाजेचा भार आजही आहे. मला वाटतं, तबकडीवर जे नाव बाईने स्वतः दिलं, ते मोकळेपणाने घ्यावं. घराचं, वारसांचं नाव मात्र त्यांना विचारल्याशिवाय लिहू नये.

तुम्ही गावोगावी फिरता. माळ्यावर, भंगारवाल्याकडे अशी तबकडी दिसली तर विकत घेतलीच पाहिजे असं नाही. लेबलावरचं नाव, गाव, भाषा आणि नंबर उतरवून घ्या. स्पिरिटने पुसू नका, लाख विरघळते. आडव्या थप्पीत न ठेवता उभी ठेवा. मुंबईत १९९० साली जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांची संस्था उभी राहिली. अशा लोकांनी पुष्कळ जपलं आहे. पण संग्राहक रेकॉर्ड दुर्मिळ आहे का ते पाहतो. आपण हेही विचारू या, की या गाण्याचे पैसे तिला किती मिळाले, म्हातारपणी तिला कोणी सांभाळलं, तिच्यानंतर तिच्या मुलींचं काय झालं.

हे सांगू शकतील अशा म्हाताऱ्या बायका आता थोड्याच उरल्या आहेत. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या भागातल्या निदान एकीशी बोलून यावं, एवढं मागून मी थांबते.