सगळ्यांचं ते कुणाचं?



‘तू नक्की काय काम करतोस रे?’ असं सकाळपासून चौघांनी विचारलं. ‘सॉफ्टवेअर लिहितो’ एवढ्यानं कुणाचं समाधान होत नाही, म्हणून कसब्याच्या भाषेत सांगतो.

आमच्या वाड्यात अकरा बिऱ्हाडं होती. जिन्यातला दिवा सगळ्यांचा. तो गेला की आठ-आठ दिवस अंधार, कारण प्रत्येकाला वाटे, दुसरा कुणीतरी बदलेल. एकदा एक आजी पायरीवरून घसरल्या. मग मालकांनी जिन्याखाली पाटी लावली : महिना आणि बिऱ्हाडाचं नाव. त्यानंतर दिवा गेला तर त्याच रात्री बदलला जाई.

आमच्या कामातही असा जिना असतो. हजारो फाइली एका सामाईक ठिकाणी ठेवलेल्या, आणि त्यांत बदल सुचवणारे शंभर जण. तो बदल तपासायचा कुणी? त्यासाठी ‘कोडओनर्स’ नावाची साधी फाइल असते. गिटहबनं ही सोय २०१७ मध्ये आणली. ओळीत आधी फोल्डरचं नाव, पुढे जबाबदार माणसाचं किंवा टीमचं. त्या फोल्डरमध्ये बदल आला की तपासणीची विनंती आपोआप त्यांच्याकडे जाते. तसं ठरवलं असेल तर त्यांच्या होकाराशिवाय बदल पुढे सरकत नाही.

तिथला एक नियम असा : एका फाइलला दोन ओळी लागू पडल्या तर खालची चालते. मी ‘सगळं माझ्याकडे’ ही ओळ नेमकी सर्वांत खाली लिहिली. झालं! बिलांच्या हिशोबातला बदलही माझ्याकडे आला. मला त्यातलं फारसं कळत नव्हतं. संध्याकाळची घाई होती, मी होकार दिला. दुसऱ्या दिवशी बिलांत कर दोनदा लागला. ते निस्तरायला रात्रभर बसली ती आमची बिलांची जाणकार सहकारी. तिला तो बदल कुणी दाखवलाच नव्हता.

ती ओळ मी सर्वांत वर नेली. नोकरी सोडून गेलेल्यांची नावंही तशीच होती, म्हणजे जुन्या भाडेकरूच्या नावाची पाटी! आता आम्ही शक्यतो टीमचं नाव लिहितो आणि कुणी गेलं की त्याच दिवशी यादी दुरुस्त करतो.

एवढं शिकलो की यादीत नाव असणं हा मान नाही. ‘इथं बिघडलं तर मला उठवा’ असं सांगणं आहे. पाटीवर नाव होतं म्हणून कुणी जिन्याचा मालक झाला नव्हता.

मघाशी आपण ठरवलं, वर्गाची पत्त्यांची यादी ‘सगळे मिळून’ सांभाळू. मला तो जिना आठवला. तेव्हा यादीपुढे दोन नावं लिहू या. पहिलं माझं लिहा.

दुसरं कोण?