'उघड' म्हणजे कोणाला उघड?



पेटंट नाकारणाऱ्या आदेशातील सर्वांत बोचरा शब्द 'उघड' हा होय. संशोधकाने वर्षानुवर्षे खपून संगणकाची एखादी आज्ञावली सिद्ध करावी, आणि परीक्षकाने दोन जुने दस्तऐवज शेजारी ठेवून म्हणावे, की हे तर कोणालाही सुचले असते! पण 'कोणालाही' म्हणजे नेमके कोणाला?

उत्तरासाठी आपल्या उत्तर प्रदेशाबाहेर जावयास नको. मिर्झापूरच्या 'हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज' या पेढीजवळ लेथवर भांडे धरून ठेवण्याच्या साधनाचे १९५१ सालचे पेटंट होते. त्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७८ मध्ये ते रद्द ठरले. न्यायालयाची कसोटी अशी: त्या काळचे सामान्य ज्ञान असलेल्या, परंतु नव्या शोधाची वार्ता नसलेल्या कुशल कारागिरापुढे तीच अडचण ठेवली, तर जुन्या माहितीत त्याला हा उपाय दिसला असता काय?

पेढीला मारक ठरलेली ही कसोटी आज संगणक-संशोधकाचे कवच होऊ शकते. तिचा प्राण 'वार्ता नसलेला' या शब्दांत आहे. कोडे सुटल्यावर उत्तर सोपे वाटतेच. आज्ञावलीची तर प्रत्येक पायरी सुटी काढली की ओळखीचीच दिसते. म्हणून आक्षेपाला उत्तर देताना शोधाचे गोडवे गाऊ नयेत. ते दोन दस्तऐवज एकत्र आणण्याचे कारण त्या वेळच्या जाणकाराला कोठे मिळाले असते, एवढेच विचारावे. 'ॲग्रीबोर्ड' प्रकरण संगणकाचे नव्हे; तरीही त्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले, की पूर्वीचे ज्ञान, अर्जातील शोध आणि एकावरून दुसरा जाणकाराला कसा उघड होतो, या तिहींचा ऊहापोह केल्यावाचून नकार देता येत नाही. (निव्वळ आज्ञावलीला पेटंट नाही, हा आक्षेप निराळा, २०१९ च्या फरीद अल्लानी प्रकरणात त्याची मर्यादा स्पष्ट झाली आहे.)

हा केवळ शब्दच्छल नव्हे. अर्ज सामान्यतः अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो. त्यानंतर नकार आला, तर गुपितही गेले आणि संरक्षणही नाही. अपिलाची मुदत तीन महिन्यांची. आणि उत्तर प्रदेशातील अर्ज दिल्लीच्या पेटंट कार्यालयाकडे जात असल्याने लखनौच्या संशोधकाला त्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाचीच पायरी चढावी लागते.